टेबलाचं तेवढं बघ

परवा भाचीच्या लग्नाचे फोटो आले. चारशे बारा. त्यातल्या एकात मी आहे. म्हणजे माझं कोपर आहे. पंख्याच्या वाऱ्यानं सह्यांचे कागद उडू नयेत म्हणून टेबलाआड उकिडवा बसून मी कागदाचं टोक धरलं होतं, त्या कोपराचा फोटो. खाली माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीनं लिहिलंय, "हे कोण?"

"दादा, सह्यांच्या टेबलाचं तेवढं तू बघ," हेही तिचंच वाक्य. ह्या 'तेवढं'मध्ये काय काय मावतं, ते टेबल मांडणाऱ्यालाच कळतं. लेसचा टेबलक्लॉथ दिसतो झकास, पण त्यावर कागद ठेवून सही करून बघा. पेनाचं टोक जाळीत घुसतं आणि सही बैलगाडीत बसून केल्यासारखी येते. मी खाली पुठ्ठा सरकवला. खुर्च्या इतक्या बुटक्या की नवरीची हनुवटी टेबलाला टेकावी, म्हणून उशा आणल्या. सजावटवाल्यानं मधोमध एवढा गुच्छ ठेवला होता की पलीकडच्या माणसाचे फक्त कान दिसत होते. तो मी कडेला सरकवायचा, त्यानं परत मध्ये आणायचा, असं तीनदा झालं. शिवाय भाची डावरी. तिला नवऱ्याच्या डाव्या हाताला बसवायचं, नाहीतर सही करताना दोघांची कोपरं लढणार. (ते पुढे आहेच, पण निदान सही तरी होऊ द्या.)

पेनाचा तर मी अभ्यासच केला होता. डावऱ्या माणसाचा हात लिहिता लिहिता ताज्या अक्षरावरूनच पुढे सरकतो, तेव्हा शाई लगेच वाळणारी हवी. चांगलं काळं बॉलपेन आणलं, घरी पंचवीस सह्या करून पाहिल्या.

आणि काका आले. हे काका नवरीच्या वडिलांकडचे. नेमके कोण, हे विचारायची हिंमत अजून कुणाला झालेली नाही.

"सही कशानं?"

मी पेन पुढे केलं. मेलेलं झुरळ मिशीला धरून उचलतात तसं त्यांनी ते दोन बोटांत उचललं.

"बॉलपेन? लग्नाला?"

"काका, ती डावरी आहे. शाई फिसकटेल. बिरो नावाच्या माणसानं १९३८ साली बॉलपेनाचं पेटंट घेतलं ते ह्याच कटकटीला वैतागून."

"कोण होता हा?"

"पत्रकार."

"बघ!" काका म्हणाले. ह्यात काय बघायचं ते मला अजून कळलेलं नाही. "अरे, इंग्लंडात लग्नाच्या रजिस्टरात कुठली शाई वापरायचे ठाऊक आहे? ओकच्या झाडावर गाठी येतात. कसली तरी माशी अंडी घालते म्हणून. त्या गाठींचा अर्क आणि लोहाचं सल्फेट. लिहिताना फिकी दिसते, मग हवा लागून दिवसेंदिवस गडद होत जाते. संसारासारखी!"

हीच शाई पुढे कागदही खाते, हे काकांनी सांगितलं नाही. २०२१ साली इंग्लंडनं ती जाडजूड रजिस्टरंच बंद केली, हे मी सांगितलं नाही. लग्नघर होतं.

"मग तुमच्या पेनात तीच शाई आहे?" मी विचारलं.

"ह्यात? छे! ही साधी निळी."

साधी निळी उमटेना. काकांनी पुठ्ठ्यावर रेघोट्या मारल्या, निबला फुंकर घातली आणि मी "काका, नको" म्हणेपर्यंत पेन झटकलं. लेसवर तीन टपोरे थेंब. मी निमूटपणे गुच्छ उचलून त्यांच्यावर ठेवला. म्हणजे मधोमध. सजावटवाला लांबून माझ्याकडे बघून हसला. ते हसू मी विसरणार नाही.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. भाचीनं वडीलधाऱ्यांचा मान राखून काकांचं पेन घेतलं, सही केली आणि तिचा हात स्वतःच्या आडनावावरून निळा फराटा ओढत गेला. अधिकारी चष्म्यावरून बघत म्हणाले, "टिपकागद नाही का? टेबल कुणी मांडलंय?"

टेबलाआडून मी हात वर केला. अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता. काकासुद्धा, आणि तेही हळहळून! "वाचता येतंय, चालेल," असं अधिकारी म्हणाले म्हणून निभावलं. साक्षीदार म्हणून सही करायची पाळी आली तेव्हा काकांच्या पेनातली शाई संपली होती. त्यांनी माझं बॉलपेन उचललं, ऐटीत सही ठोकली, टोपण लावलं आणि ते स्वतःच्या खिशाला अडकवलं.

माईकवरून सजावटवाल्याचे आभार मानले गेले. वाढप्यांचे मानले, पार्किंग सांभाळणाऱ्या मुलांचेही मानले. टेबल बहुधा आपलं आपणच चालत आलं असावं.

काल न राहवून काकांना फोन केला. "काका, माझं पेन तुमच्याकडे राहिलंय."

"हो का?" काका म्हणाले. "तरीच म्हटलं हे कुणाचं. शब्दकोडं सोडवायला बरं पडतं रे, पण हातात वजन असं लागत नाही."