रॅफल्सने सिंगापूर ‘शोधले’ नव्हते. त्याचीच पत्रे वाचा

सिंगापूरच्या सहलीची तयारी सुरू असताना आमच्या मामांनी घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश पाठवला आणि खाली ‘मुलांना अवश्य वाचायला द्या’ अशी पुस्तीही जोडली. संदेशाचा आशय असा : १८१९ साली ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी सर स्टॅम्फर्ड रॅफल्स यांना कोणालाच ठाऊक नसलेले एक निर्मनुष्य बेट सापडले, त्यांनी ते सुलतानाकडून विकत घेतले आणि एकट्याच्या बळावर तेथे शहर वसवले. निर्मनुष्य बेट विकायला सुलतान कोठून आला, एवढी शंकाही हा मजकूर पुढे ढकलणाऱ्या कोणाला आलेली दिसत नाही.

‘कोणालाच ठाऊक नसलेले’ हा यातला सर्वांत हास्यास्पद भाग. सुमात्राचा इतिहास आणि मलय भाषेचा कोश लिहिणारा विल्यम मार्सडेन हा रॅफल्सचा विद्वान स्नेही होता. १२ डिसेंबर १८१८ रोजी हुगळीच्या मुखाशी जहाजावर असताना रॅफल्सने त्याला कळवले की, डचांनी आपल्याला पाय टेकायला वीतभरही जागा ठेवलेली नसावी अशी भीती वाटते, आपले लक्ष मुख्यतः जोहोरकडे (सिंगापूर ज्यात मोडे त्या मलय सल्तनतीकडे) आहे आणि पुढचे पत्र ‘सिंगापुरा’ या प्राचीन नगराच्या जागेवरून आले तर आश्चर्य मानू नये. बेटावर उतरण्यापूर्वी दीड महिना लिहिलेले हे पत्र आहे! ३१ जानेवारी १८१९ च्या पत्रात तो दिलेला शब्द पाळल्याचे सांगतो आणि जुन्या नगराच्या व तटबंदीच्या खुणा अजून दिसतात, असेही नोंदवतो. त्याच्या पत्नीने १८३० साली छापलेल्या चरित्रग्रंथात ही पत्रे आहेत. पत्ता हातात घेऊन गेलेल्या पाहुण्याने घराचा शोध लावला, असे आपण म्हणत नाही.

वस्ती विरळ होती, हे खरे. साधारण हजारभर माणसे असावीत. पण त्यांत समुद्रावर जगणारे ओरांग लाऊत होते, काही चिनी होते आणि तमेंगगोंग अब्दुल रहमान हा स्थानिक अधिपतीही होता.

‘विकत घेतले’ हे तर सरळ चूक आहे. जोहोरच्या गादीवर डचांनी मानलेला धाकटा भाऊ होता, म्हणून रॅफल्सने थोरल्या हुसेनला आणवून सुलतान ठरवले आणि ६ फेब्रुवारी १८१९ रोजी त्याच्याच संमतीने करार केला. त्या कराराने मिळाली ती वखार घालण्याची परवानगी, आणि तीही सुलतानाला वर्षाला ५,००० व तमेंगगोंगला ३,००० स्पॅनिश डॉलर देण्याच्या बोलीवर. बेट कंपनीच्या मालकीचे झाले ते ऑगस्ट १८२४ मध्ये तेथला तेव्हाचा ब्रिटिश रेसिडेंट जॉन क्रॉफर्डने केलेल्या करारामुळे. तेव्हा रॅफल्स सिंगापुरातून जाऊन वर्ष उलटले होते.

‘एकट्याने’ या शब्दाबद्दल इतकेच की, पहिली चार वर्षे तेथला कारभार विल्यम फार्कुहारने पाहिला आणि रॅफल्सच्या तिन्ही मुक्कामांची बेरीज वर्षभरही भरत नाही.

दूरदृष्टीचे श्रेय मात्र, मनात नसले तरी, त्याला द्यावे लागते. १० जून १८१९ रोजी कर्नल ॲडनब्रुकला लिहिलेल्या पत्रात, आपले उद्दिष्ट भूमी नसून व्यापार आहे आणि या समुद्रातले एक मुक्त बंदर डचांची मक्तेदारी मोडील, असे तो लिहितो. त्याच पत्रात तो पुढे राजकीय प्रभाव वाढवण्यासाठी या जागेचा आधार होईल असेही सांगतो, पण संदेशात यातले काहीच नाही.

मामांच्या सहलीत फोर्ट कॅनिंगची टेकडी आहे. रॅफल्स येण्याआधी मलय लोक तिला बुकित लारांगान, म्हणजे निषिद्ध टेकडी म्हणत, कारण तेथे जुने राजे पुरले आहेत असा त्यांचा समज होता. १९८४ पासूनच्या उत्खननांत तेथे चौदाव्या शतकातल्या चिनी भांड्यांचे तुकडे सापडले आहेत.