खुलासा : ‘एक ओटीपी दिला की खाते सर्वांना कायमचे खुले’ हे खरे नाही

खरीप कर्जाच्या धावपळीत यवतमाळकडच्या गावांत एक संदेश फिरत आहे की, ‘अकाउंट ॲग्रीगेटर’ला (संमती घेऊन आपल्या खात्याची माहिती कर्ज देणाऱ्या कंपनीपर्यंत पोहोचवणाऱ्या मधल्या संस्थेला) एकदा ओटीपी दिला की खात्याची माहिती सर्व कंपन्यांना कायमची खुली होते. हे चुकीचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कोणती माहिती, कशासाठी, कोणाला आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, हे संमतीत नमूद असावेच लागते. मधल्या संस्थेला ती माहिती साठवता येत नाही आणि दिलेली संमती मागेही घेता येते.

तरीही संदेशामागची भीती अगदीच निराधार नाही. संमती मागे घेतल्यावर पुढची माहिती जाणे थांबते. पण कापसाचे पैसे कधी जमा झाले, कृषी केंद्राला किती दिले, अशा ज्या नोंदी कर्ज देणाऱ्या कंपनीकडे आधीच पोहोचल्या, त्या तेवढ्याने आपोआप पुसल्या जात नाहीत. शिवाय सेवा केंद्रावर मोबाइल दुसऱ्याच्या हाती देऊन ‘होकार’ दाबला जातो, ही आम्हाला खरी काळजीची बाब वाटते. म्हणून ओटीपी सांगण्यापूर्वी स्क्रीनवरील कंपनीचे नाव, कारण आणि मुदत मोठ्याने वाचून घ्यावी.