'तटस्थ' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'तटस्थ' या नावाने आलेली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. रागाच्या भरात काही लिहू नये म्हणतात, म्हणून दोन दिवस थांबले. दोन दिवसांनी राग तेवढाच आहे, तेव्हा आता लिहून टाकते.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: हवामानबदलाशी जुळवून घ्यायचं तर प्रत्येक संस्थेने आपापल्या हद्दीत काम करून भागत नाही, एका खोऱ्यातल्या किंवा एका किनाऱ्यावरच्या संस्थांना एकत्र बसावंच लागतं, असं मी म्हटलं होतं. उदाहरण युरोपातल्या ऱ्हाइन नदीसाठी तिच्या खोऱ्यातल्या देशांनी मिळून केलेल्या आंतरराष्ट्रीय मंडळाचं होतं. तटस्थ यांचे आक्षेप असे: मंडळाच्या स्थापनेचं साल चुकलंय, २०२१मध्ये जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात पुरात शंभरावर माणसं गेली तेव्हा हे मंडळ कुठे होतं, संयुक्त मंडळांमुळे जबाबदारी कोणाचीच राहत नाही. आणि शेवटी, जसंच्या तसं: "लेखकमहाशयांनी पुराच्या पाण्यात कधी पाय तरी बुडवलाय का, की नुसते बैठकांचे फोटोच पाहिलेत?"

साल चुकलं, कबूल. १९६३ हे मंडळाला कायद्याचा आधार देणाऱ्या बर्नच्या कराराचं साल, मंडळ १९५०पासूनचं. दुरुस्ती केली आहे, आभार. बाकी मी महाशय नाही. नाव आणि फोटो पानाच्या माथ्यावरच आहेत, आणि तेवढं वर बघायला काही कष्ट पडत नाहीत.

आता पायाबद्दल. पूरमदतीच्या समन्वयात मी अकरा वर्षं काढली. पहिल्याच वर्षी, पाणी नुकतं ओसरत होतं, आमची गाडी एका वस्तीत पोचली तर तिथे आधीच दोन संस्थांच्या गाड्या उभ्या. एका दारात तीन ताडपत्र्या पडलेल्या, तिन्हींवर तीन वेगळे शिक्के. घरातली बाई म्हणाली, "ताई, मला एक पुरे. पुलापलीकडे कोणी गेलंय का?" कोणीच गेलं नव्हतं. तिघांच्याही यादीत पुलापलीकडची वस्ती 'दुसरे बघतील' या रकान्यात होती. आम्ही निघालो, पण पुलावरून गाडी जाईना, म्हणून उतरून चालत गेलो. पाण्याखाली पत्रा होता. डाव्या पोटरीवर सात टाक्यांची खूण आहे. इथे फोटो जोडायची सोय असती तर तटस्थ यांच्यासाठी जोडला असता. पलीकडच्या लोकांपर्यंत सामान पोचलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. तेव्हा बुडवलाय पाय. तटस्थ शब्दाचा मूळ अर्थ काठावर उभा असलेला. नावावरून विनोद करू नये हे मला कळतं, पण हे नाव मी ठेवलेलं नाही.

त्या दिवसानंतर मी बैठकांना जायला लागले. होय, त्याच फोटोतल्या बैठकांना. फोटोत हसणारी माणसं दिसतात. त्याआधी चार तास काय चाललेलं असतं ते दिसत नाही. माझ्या पहिल्या बैठकीत दोन विभागांचे पुराचे नकाशे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, तर हद्दीवर पूररेषा जुळेनाच. इकडे पाणी शाळेच्या पायरीशी थांबलेलं, तिकडे त्याच रेषेवर घरं बुडालेली. दोघांचं शून्य वेगळं! एकाने समुद्रसपाटीपासून मोजलेलं, दुसऱ्याने जुन्या धक्क्यावरच्या खुणेपासून. अख्खा दिवस त्यात गेला, आणि संध्याकाळी फोटो काढला हेही खरं.

हे अडाण्यांच्याच बाबतीत होतं असं वाटत असेल तर लाउफेनबुर्गच्या पुलाबद्दल वाचा, जर्मनी आणि स्वित्झर्लंड जोडणारा, ऱ्हाइनवरचाच. जर्मनी उंची मोजतो उत्तर समुद्रावरून, स्वित्झर्लंड भूमध्य समुद्रावरून. दोन्हींत २७ सेंटिमीटरचा फरक. तो दोन्हीकडच्या अभियंत्यांना ठाऊक होता. पण हिशेबात अधिकच्या जागी उणे पडलं आणि २००३मध्ये लक्षात आलं की दोन बाजू ५४ सेंटिमीटरने चुकल्या आहेत. अमेरिकेत दक्षिण फ्लोरिडातल्या चार काउंटींचंही (म्हणजे जिल्ह्यांचंही) तेच. समुद्र किती वर येणार याचे प्रत्येकीचे आकडे वेगळे, आणि तेच घेऊन वरच्या सरकारकडे मदत मागायची. २००९मध्ये त्यांनी एकत्र यायचं ठरवलं. त्यानंतर पहिलं मोठं काम काय, तर २०११मध्ये सगळ्यांनी मिळून समुद्रपातळीचा एक अंदाज मान्य केला. ना भिंत, ना पंप. तुमच्या भाषेत नुसता फोटो. पण भिंत किती उंच बांधायची हे त्या आकड्यावरच ठरतं.

ऱ्हाइनचंही ऐका. १९९३चा पूर, मग १९९५चा. दुसऱ्या वेळी नेदरलँड्समध्ये सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. १९९८मध्ये मंडळाने पूर-कृतियोजना केली, त्यात पुराची पूर्वसूचना २००५पर्यंत दुप्पट आधी मिळावी असं ठरलं. पाणी वरच्या देशातून खाली येतं, तेव्हा वरच्याने आकडे दिले नाहीत तर खालच्याने अंदाज कशावर बांधायचा? २०१५मध्ये याच मंडळाने हवामानबदलासाठी पूर्ण खोऱ्याचं धोरण आणलं, आणि त्यात पुराइतकीच कमी पाण्याची काळजी आहे. २०१८च्या शरदात ऱ्हाइनकाठच्या काउब या जर्मन गावातल्या पाणी मोजायच्या पट्टीवर पातळी २५ सेंटिमीटरवर उतरली आणि मालवाहू बोटी अर्ध्याहून अधिक रिकाम्या चालवाव्या लागल्या.

आर नदीचं म्हणाल तर ती ऱ्हाइनची लहान उपनदी. तिथे पाणी काही तासांत चढलं, आणि गावात भोंगा वाजवणं हे मंडळाचं काम नाही. तो विषय वेगळा आहे, इथे त्यात शिरत नाही. 'जबाबदारी कोणाचीच नाही' हा आक्षेप तर चावून चोथा झालाय; त्यावर पूर्वी लिहिलंय, शोधलंत तर सापडेल.

असहमतीचं मला वावडं नाही. याच लेखाखाली आणखी दोघांनी मतभेद नोंदवलेत, ते नीट शब्दांत, आणि त्यांना मी सविस्तर उत्तर दिलंय. कोणी कुठे पाय बुडवला हे विचारण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते सांगावं, एवढीच अपेक्षा. तुम्ही एक ओळही स्वतःबद्दल लिहिली नाहीत. पूरनियंत्रणात काम केलं असेल तर जरूर सांगा, मी ऐकेन.

पुढचा भाग रविवारी येईल, विषय कमी पाणी. सालं या वेळी दोनदा तपासली आहेत.