जळलेला केस आणि अंडं-खोबरेल: एका ताईंना उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'स्ट्रेटनरने जळलेला केस दुरुस्त होत नाही' हे मी लिहिलं ते साफ खोटं. तुमच्या सासूबाईंनी अंडं आणि खोबरेल लावून तुमच्या मुलीचे केस महिन्याभरात मऊ केले. आणि जी बाई ड्रायर वापरायला सांगते, तिने घरगुती उपायांवर बोलूच नये.

राग समजतो, पण 'मऊ झाले' आणि 'दुरुस्त झाले' यात फरक आहे. डोक्याबाहेर आलेला केस जिवंत नसतो. त्याला रक्त पोचत नाही, त्यामुळे कातडीवरची जखम भरते तसा तो भरून येत नाही. केसाचं वरचं आवरण मंगलोरी कौलांसारखं एकावर एक बसलेलं असतं. उष्णतेने ती कौलं उचकटतात, तडकतात. तेल, अंडं, सीरम, काहीही लावा, उचकटलेली कौलं थोडा वेळ चिकटून बसतात इतकंच.

हे मी हौसेने शिकलेले नाही. चुलतबहिणीच्या हळदीला उशीर होत होता म्हणून ओलसर केसांवरच स्ट्रेटनर फिरवला. चर्र असा आवाज आला, मला वाटलं तापलाय छान! काही दिवसांनी कानामागच्या बटेत बारीक पांढरे ठिपके दिसायला लागले आणि कंगवा लागला की केस नेमका ठिपक्याशीच तुटायचा. केसातल्या पाण्याची आतल्या आत वाफ झाली होती. भाजताना पापडाला फोड येतात ना, तसेच फोड केसाच्या आत. ते कुठल्या लेपाने बुजणार? कात्रीच लावली शेवटी.

अंड्याबद्दल: त्यातली प्रथिनं केसात शिरण्याइतकी बारीक नसतात. थर बसतो, केस जाडसर लागतो, बस्स. (आणि कढत पाण्याने धुऊ नका. डोक्यातून भुर्जी वेचलीय मी.) मुलीने त्या महिन्यात स्ट्रेटनर हातात घेतला होता का, हे मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. माझा संशय तिथेच आहे.

खोबरेलाच्या बाबतीत सासूबाईंना माझा नमस्कार. ते खरंच केसात मुरतं. मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा केसातलं प्रथिन वाहून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. ही कंपनी स्वतःच खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवूनच वाचा. पण कारण पटण्यासारखं आहे: त्यातलं लॉरिक आम्ल आकाराने लहान आणि सरळ साखळीचं, म्हणून आत शिरतं. तेव्हा न्हाण्याआधी जरूर लावा. तेल लावून वर स्ट्रेटनर फिरवणं म्हणजे मात्र केस तळणं.

आता ड्रायर. २०११ साली कोरियात तपासलं गेलं, तेव्हा ड्रायरने केसाच्या पृष्ठभागाला झळ लागलीच. पण आतल्या पेशींना जोडणाऱ्या थराचं नुकसान दिसलं ते ड्रायरविना आपोआप वाळू दिलेल्या केसांत, बहुधा फार वेळ ओले राहिल्यामुळे. १५ सेंमीवर हवा सुमारे ४७ अंश होती, ५ सेंमीवर ९५. मी 'वापरा' म्हटलं ते वीतभर लांबून, हात हलता ठेवून. आधी पंच्याने टिपून घ्यायचं, खसाखसा पुसायचं नाही.

एका जागी मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. 'तापमान १८० अंशांच्या आत ठेवा' असं मी सहज लिहून गेले, आणि तुमच्या स्ट्रेटनरला एकच बटण आहे. चूक माझी. असला स्ट्रेटनर किती तापतो ते आपल्या हातात नसतं, मी तरी तो मुलीच्या डोक्याला लावणार नाही. वापरायचाच झाला तर खडखडीत वाळलेल्या केसांवर, एका बटेवरून एकदाच.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे डोक्यापासून खांद्यापर्यंत नवा केस यायला दोनेक वर्षं. जळलेलं आपोआप जात नाही, तेव्हा तोवर दर दोन महिन्यांनी बोटभर टोकं कापा. त्याआधी तिची एक बट खिडकीपाशी उजेडात धरून बघा आणि पांढरे ठिपके दिसतात का ते कळवा.