ट्रॅक नंतर, आधी चौकाला गुण द्या

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक भांडण ठरावीक काळाने नव्याने पेटतं: कोल्हापुरात सायकल ट्रॅक करावा की नको. सकाळी हेल्मेट घालून रंकाळ्याला फेरी मारणाऱ्यांना तो हवाच आहे. दुसरी बाजू म्हणते, आधी खड्डे बुजवा. पुण्यात ट्रॅक करून काय दिवे लागले ते दिसतंय. मग कुणीतरी मला मध्ये ओढतं. "तू तिकडं मँचेस्टरला असतीस न्हवं, तिकडचे फोटो टाक की."

फोटो टाकण्यासारखे आहेत, नाही असं नाही. पण फोटो पडले की "तिकडं पैसा हाय" म्हणून विषय मिटतो. इथून पाठवण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे गुणपत्रिका.

इंग्लंडच्या वाहतूक खात्याने जुलै २०२० मध्ये सायकलमार्गांच्या आखणीची एक मार्गदर्शिका काढली. तिला इथे सगळे 'एलटीएन १/२०' म्हणतात. तिच्या शेवटी दोन तक्ते आहेत. पहिला आख्ख्या रस्त्यासाठी. मार्ग सलग आहे का, थेट आहे का, सुरक्षित आहे का, आरामाचा आहे का, त्यावरून जावंसं वाटतं का, अशा पाच सदरांत बरेच निकष आणि प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. ही पाच सदरं मूळची डच. पास व्हायला ७० टक्के लागतात. काही निकष मात्र असे आहेत की तिथे शून्याच्याही खाली जाऊन 'गंभीर नापास' मिळू शकतं. उदाहरणार्थ, सायकलवाल्याला ज्या गाड्यांच्या गर्दीत मिसळून जायचं आहे तिचा वेग आणि संख्या. तिथे अडकलात तर बाकी पैकीच्या पैकी असले तरी मार्ग नापास. एटीकेटी नाही.

दुसरा तक्ता चौकांसाठी, आणि माझ्या मते तोच कोल्हापूरच्या कामाचा. चौकाला एकच एक गुण देता येत नाही, हे त्याचं गृहीतक. चार रस्ते मिळत असतील तर सायकलवाला बारा प्रकारे तो चौक ओलांडतो: चार दिशांनी येतो आणि प्रत्येक दिशेहून डावीकडे, सरळ किंवा उजवीकडे जातो. तीन रस्त्यांची खरीखुरी तिकटी असेल तर सहा प्रकार, पाच रस्ते असतील तर वीस. या प्रत्येक वळणाचा नकाशावर एक बाण काढायचा आणि त्याला रंग द्यायचा. जिथे नेहमीच्या प्रकारचा अपघात व्हायला पूर्ण वाव आहे तो बाण लाल. आखणीने किंवा सिग्नलने धोका कमी केला असेल तर पिवळा. धोका मुळातच काढून टाकला असेल आणि शाळकरी पोरापासून आजोबांपर्यंत कुणीही जाऊ शकत असेल तर हिरवा.

इथे एक सोय आहे. डच चौक आपल्याला आरशात पाहिल्यासारखे उलटे करून समजून घ्यावे लागतात, कारण तिकडे गाड्या उजवीकडून चालतात. ब्रिटन आपल्यासारखंच डावीकडून चालतं, त्यामुळे धोकेही तेच. डावीकडे वळणारा ट्रक शेजारच्या सायकलला आत घेतो. उजवीकडे वळू पाहणारी सायकल दोन रांगांच्या मधोमध अडकते. मँचेस्टरच्या ह्यूम भागात २०२० मध्ये एक चौक या दोन्ही गोष्टी लक्षात घेऊन नव्याने बांधला. सायकलींना बाहेरून गोल फिरणारी स्वतंत्र वाट, तिच्या आत पायी चालणाऱ्यांच्या पट्ट्या आणि मध्ये गाड्या. उजवीकडे वळणारा सायकलवाला गाड्यांच्या मध्ये जातच नाही. हा चौक बांधायला पैसा लागतो, हे कबूल. पण जुन्या चौकातले किती बाण लाल आहेत हे मोजायला एक कागद, तीन रंगपेन्सिली आणि कोपऱ्यावर उभं राहायची तयारी पुरते.

आता कोल्हापूर. माझा भाचा राजारामपुरीतून सायकलने क्लासला जातो. वहिनीची त्याला रोजची ताकीद: चौक आला की उतर आणि ढकलत ने. वहिनीचं काही चुकत नाही. पण ज्या चौकात आईला असं सांगावं लागतं तो चौक नापास आहे, इतकं सरळ गणित आहे. इंग्लंडमध्येही वर्षानुवर्षं 'सायकलस्वारांनी उतरून चालावे' अशा पाट्या लावून इंजिनिअर लोक मोकळे व्हायचे. नव्या मार्गदर्शिकेने त्या पाट्या लावू नका म्हणून सांगितलं, कारण ती पाटी म्हणजे आखणी जमली नाही याचीच कबुली असते.

सायबर चौकात ३ जून २०२४ ला भरधाव मोटारीने दुचाकीस्वारांना उडवलं, माणसं गेली. (३ जून हा जागतिक सायकल दिन, हे मला नंतर लक्षात आलं.) ती चित्रफीत आमच्या ग्रुपवर फिरली आणि सगळी चर्चा चालकाभोवती झाली. ती व्हायलाच हवी होती, पण तेवढीच झाली. भर शहरातल्या चौकात एखादी मोटार त्या वेगाने शिरू शकते ती कशामुळे? रस्त्याची रुंदी, वळणाची गोलाई, वेग आपोआप कमी व्हावा असं काही तिथे आहे का? हे कुणी विचारलं नाही. चौकाचा तक्ता नेमकं हेच विचारतो. चालक चांगला की वाईट, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

"पण आमच्यात सायकली आहेत कुणाकडं?" हा ग्रुपवरचा आणखी एक हमखास मुद्दा. २०११ च्या जनगणनेत भारतात शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांपैकी १३ टक्क्यांच्या आसपास लोक सायकलने कामावर जात होते. त्याच वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये हे प्रमाण ३ टक्क्यांहूनही कमी होतं. आता आपला आकडा घसरला असणार, तरी मुद्दा राहतोच: सायकलवाले आहेत, ते ग्रुपवर नाहीत इतकंच. ते पहाटे पेपर टाकतात, दूध घालतात, उद्यमनगरात पाळीला जातात. ट्रॅकच्या मागणीत त्यांचा आवाज कधी ऐकू येत नाही, आणि रविवारच्या सायकल रॅलीत तर नाहीच नाही.

मँचेस्टरचे फार गोडवे गाणं मला जमणार नाही. ऑक्सफर्ड रोडवर सायकलची वाट बसथांब्याच्या मागून नेली आहे, बस आणि सायकल एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, हे खरोखर छान. पण तीच वाट पुढे रशोमच्या खाऊगल्लीत गेली की तिच्यावर गाडी लावून बिर्याणी आणायला गेलेला कुणी ना कुणी सापडतोच. उपनगरांत अजून नुसत्या पांढऱ्या तुटक रेघा आहेत, ज्यांना सायकल लेन म्हणायचा प्रघात आहे. हे तक्ते इंग्लंडमध्ये जन्मले ते असल्या रेघांना लोक कंटाळले म्हणून. फरक पडतो तो एवढ्यानेच की तिथे गुण पैशाला बांधले आहेत. दिखाऊ कामांना सायकलसाठीच्या निधीतून पैसे मिळणार नाहीत, असं मार्गदर्शिका स्पष्ट म्हणते, आणि ते तपासायला स्वतंत्र सरकारी संस्थाही उभी केली. आपल्याकडे ट्रॅक किती किलोमीटर झाला यावर फीत कापली जाते. किलोमीटर हे माप ठेकेदाराच्या सोयीचं. दोन किलोमीटर गुळगुळीत वाट आणि मध्ये एक लाल चौक असेल, तर भाचा त्या वाटेने जाणार नाही. वहिनी जाऊच देणार नाही.

रस्त्याची तपासणी कोल्हापूरला नवी आहे असंही नाही. खासगी कंपनीने बांधलेल्या सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचा टोल याच शहराने रस्त्यावर उतरून घालवला. तेव्हा गटार कुठे अर्धवट आहे, फूटपाथ कुठे नाही, याचा हिशेब गल्लीतल्या माणसालाही पाठ होता. कामांच्या मूल्यांकनासाठी समिती बसली. पण ते मूल्यांकन रुपयांत होतं. सायकलच्या सीटवरून ते रस्ते कसे दिसतात, हा प्रश्न त्या वेळी कुणाच्या डोक्यात नव्हता. तेव्हा तो यायला हवा होता असंही मी म्हणत नाही. लढाई वेगळी होती.

अर्थात इंग्लंडचा तक्ता जसाच्या तसा चालणार नाही. त्यात अवजड वाहनांचं प्रमाण मोजतात; आपल्याला हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा, मागे दिवा नसलेला उसाचा ट्रॅक्टर धरावा लागेल. प्रवासी भरायला मधेच थांबणारं वडाप, म्हणजे खासगी जीप, धरावं लागेल. गणपतीत मंडप कुठे पडतो, पावसाळ्यात रेल्वेच्या परीख पुलाखाली पाणी तुंबलं की राजारामपुरीहून स्टँडला जायला किती वळसा पडतो, हेही. थेटपणाचे गुण जूनमध्ये द्यायचे, जानेवारीत नाही.

आणि त्या मार्गदर्शिकेतली एक अट मात्र एक अक्षर न बदलता उचलावी: सायकलमार्ग आखणाऱ्या प्रत्येकाने ते रस्ते स्वतः सायकल चालवून अनुभवले पाहिजेत. हे मी ग्रुपवर टाकलं तर महापालिकेत असलेल्या एका वर्गमित्राने हात जोडलेलं चिन्ह पाठवलं. बाकीच्यांत आता सुरुवात कुठल्या चौकापासून करायची यावर जुंपली आहे. निम्मे दसरा चौक म्हणतात, कारण तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. माझं मत दाभोळकर कॉर्नरला आहे. स्टँड जवळ असल्याने एसटी, केएमटीच्या शहर बस, रिक्षा आणि वडाप तिथे एकाच वेळी डावीकडे घुसतात. शाळा सुटायच्या वेळी दोघांनी तासभर उभं राहून बाण रंगवले तरी पुरे. लाल पेन्सिल मात्र दोन न्या.