आत्याचा मंगळवार

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर 'पावसाळ्याची तयारी' म्हणून लिस्ट आली. टॉर्च, पॉवर बँक, बिस्किटं, केळी, नारळपाणी. डोकंच फिरलं माझं. किडन्या गेलेल्या माणसाला केळी आणि नारळपाणी विषासारखं हो, पोटॅशियम साठलं की हृदय बंद पडतं. आणि एवढ्या फ्लॅटांत डायलिसिसवर कोण आहे, हे कुणाला विचारावंसंही वाटलं नाही!

ऑगस्ट २०२४ इतक्यात विसरलात? आपल्या वडोदऱ्यात विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट आणि पाणी ३५च्या वर गेलेलं. आत्याचे डायलिसिसचे वार मंगळ-गुरु-शनि. शनिवारचं झालं, सोमवारी जन्माष्टमीला पाऊस थांबेचना, आणि मंगळवारी आमच्या समा भागात गेटपाशी छातीएवढं पाणी. सेंटर नदीपलीकडे. कसाबसा फोन लागला तर म्हणे जनरेटर पाण्यात, पाणी शुद्ध करणारं आरओ मशीन बंद, एका पेशंटच्या चार तासांना शंभरावर लिटर शुद्ध पाणी लागतं ते आणायचं कुठून. मान्य, सिस्टर पण आपापल्या घरी अडकल्या होत्या, त्यांच्यावर राग नाहीये माझा.

राग याचा आहे की पाऊस येणार हे आधीपासून माहीत होतं ना? मग मंगळवारवाल्यांना रविवारी-सोमवारीच का नाही बोलावून घेतलं? २०१२ला अमेरिकेत सँडी वादळाच्या आधी न्यूयॉर्क-न्यूजर्सीकडे कितीतरी पेशंटचं डायलिसिस आधीच उरकून घेतलं होतं, आणि ज्यांचं झालं त्यांच्यावर इमर्जन्सीत धावायची वेळ कमी आली. त्याला नवीन मशीन लागत नाही, पेशंटची यादी लागते आणि फोन करणारं कुणीतरी लागतं. गरिबांना मोफत डायलिसिसची केंद्राची योजना २०१६पासून आहे, चांगलीच आहे, पण पुराच्या दिवशी त्या खुर्चीपर्यंत माणूस पोचवायचा कुणी?

मदतीची पाकिटं आली त्यात सेव-ममरा, गाठिया, सगळं खारट, तिला न चालणारं. आत्याने ती शेजारच्या पोरांना देऊन टाकली आणि दिवसभर वाटीने मोजून पाणी प्यायली. गुरुवारही गेला. त्या रात्री तिला आडवं पडलं की श्वास लागायचा, म्हणून मी भिंतीला टेकून बसले आणि ती माझ्या पाठीला पाठ लावून. पाय असे सुजलेले की बोट दाबलं तर खड्डा राहायचा. पहाटे म्हणाली, "तू झोप गं, मी आहे."

शुक्रवारी ट्रॅक्टरमधून नेलं. वाचली.

घरी करायचं पोटाचं डायलिसिसही असतं, दोन-दोन लिटरच्या पिशव्या, हाताने करायचं तर लाईटसुद्धा लागत नाही. इन्फेक्शनची भीती असते, सगळ्यांना जमत नाही, खरंय. पण आम्हाला त्याबद्दल साधं कुणी सांगितलंही नव्हतं.

मंडळी, आपापल्या बिल्डिंगमध्ये आजच विचारा, डायलिसिसवर कोण आहे, वार कुठले, सेंटर नदीच्या कुठल्या बाजूला. ग्रुपवर नाव टाकायचं नसेल तर मला वेगळं कळवा, यादी मी करते.

परवा मंगळवार आहे आणि आभाळ भरून आलंय. सेंटरला फोन लावतेय, आत्याला उद्याच घेता का म्हणून.