गोठ्यात कॅमेरा बंद केला की मांस सेफ होतं म्हणे

'अमेरिकेत गोठ्यात मोबाईल काढला की थेट जेल, म्हणूनच तिथलं दूध-मांस सगळ्यात सेफ, आपल्याकडेही हा कायदा पाहिजे' हा फॉरवर्ड महिनाभर फिरतोय, काल आमच्या मामांनीही टाकला. मामांची पोल्ट्री आहे, त्यांना पटणारच. तरी मामा, जरा वाचा.

अख्ख्या अमेरिकेत असा कायदा नाहीच, काही राज्यांत आहे, कॅन्ससने 1990 ला सुरुवात केली.

फॉरवर्ड पुढे म्हणतो, 'तिथे सरकारी इन्स्पेक्टर असतात, व्हिडिओवाल्यांनी कुणाचं आरोग्य वाचवलं?' इथे माझं डोकंच फिरलं. 2008, कॅलिफोर्नियातल्या चिनोचा हॉलमार्क कत्तलखाना. इन्स्पेक्टर होते की तिथे! तरी उभं राहता न येणाऱ्या गायींना फोर्कलिफ्टने ढकलत होते, करंट देत होते, पाण्याचा फवारा मारत होते, का तर कशाबशा उभ्या राहून तपासणीत पास व्हाव्यात. एका प्राणी संस्थेच्या माणसाने तिथे नोकरी धरून हे गुपचूप शूट केलं. तपासणीनंतर गाय आडवी झाली तर डॉक्टरने परत बघायचं असा नियम होता, कारण मॅड काऊ या गायींच्या मेंदूच्या रोगाची भीती (उभं राहता न येणं हे त्याचं लक्षण असू शकतं), तो नियम सरळ धाब्यावर बसवलेला. मग 14.3 कोटी पौंड, म्हणजे साधारण साडेसहा कोटी किलो बीफ परत मागवलं, तोवरचा तिथला सगळ्यात मोठा रिकॉल, आणि त्यातलं बरंच शाळेतल्या पोरांच्या जेवणात गेलेलं, बहुतेक खाऊनही झालेलं. कुणी आजारी पडल्याची नोंद नाही, मान्य. पण 2009 मध्ये अशा गायी कापायला पूर्ण बंदी आली ती या प्रकरणानंतरच ना?

'बाहेरचे लोक रोग आणतात' यात तथ्य आहे, बर्ड फ्लूच्या काळात कुणीही शेडमध्ये शिरू नये हे मामांनाच जास्त कळतं. पण मग बंदी बुटांवर घाला, कॅमेऱ्यावर कशाला? शूट करणारे बहुतेक तिथलेच पगारी कामगार असतात. आणि युटा राज्यात 2013 ला याच कायद्याखाली एका बाईवर केस टाकली, ती तर बाहेर सार्वजनिक रस्त्यावरून कत्तलखाना शूट करत होती! नंतर केस मागे घ्यावी लागली.

'कोर्टानेही मान्य केलंय', अर्धवट. युटाचा कायदा 2017 ला कोर्टाने उडवला. आयडाहोच्या कायद्यातली शूटिंगबंदी 2018 ला अपील कोर्टातही घटनाबाह्य ठरली, नुकसान करायच्या हेतूने खोटं बोलून नोकरी मिळवणं हा गुन्हा मात्र राहिला.

उरलेले मुद्दे 'मोठे देश करतात म्हणून आपणही' छापाचे आहेत, त्यावर टायपिंग वाया घालवत नाही.